शिराझमधली मिरी

शिराझ द्राक्षांची चांगली वाइन ग्लासात ओतली की कधी कधी ताज्या कुटलेल्या काळ्या मिरीचा वास येतो. पिंपात मिरी कोणी टाकलेली नसते. ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यातल्या ग्रॅम्पियन्स डोंगरांच्या थंड पट्ट्यातली शिराझ याच वासासाठी ओळखली जाते. तो येतो कुठून, हे कोडे रसायनशास्त्रज्ञांना बरीच वर्षे सुटत नव्हते. मिरीचा तिखटपणा पिपरिनचा. पण पिपरिन सहजी हवेत उडत नाही, म्हणजे हा वास त्याचा नव्हे.

ॲडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी यंत्राच्या जोडीला माणसाचे नाक वापरले. गॅस क्रोमॅटोग्राफमधून घटक एकामागोमाग एक वेगळे होऊन बाहेर पडतात, आणि टोकाशी बसलेला माणूस ते हुंगत राहतो. अखेर २००८ साली त्या वासाचा धनी जाहीर झाला : रोटंडोन. पंधरा कार्बन, बावीस हायड्रोजन आणि एकच ऑक्सिजन असलेला रेणू. मिरीच्या दाण्यालाही तो खास वास याच्यामुळेच येतो.

मला सर्वांत विलक्षण वाटते ते पुढचे. हा रेणू नवा नव्हताच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतले डॉ. सुख देव आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ सालीच त्याची नोंद केली होती, तीही नागरमोथ्याच्या तेलातून. उटण्यात पडणारा, शेतात मात्र तण म्हणून उपटला जाणारा तोच नागरमोथा! त्याच्या शास्त्रीय नावावरूनच रेणूचे नाव पडले. पुढची चाळीस वर्षे तो शोधनिबंधांत पडून राहिला. त्याचा वास इतका प्रखर आहे हे कोणाच्या ध्यानात आले नाही.

प्रखर म्हणजे किती? लिटरभर रेड वाइनमध्ये १६ नॅनोग्रॅम असले तरी नाकाला कळते. या हिशेबाने एक ग्रॅम रोटंडोन सव्वासहा कोटी लिटर वाइनला पुरेल. आणि तरीही, चाचणीतल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या लोकांना पाण्यात लिटरमागे ४,००० नॅनोग्रॅम घालूनसुद्धा काहीच जाणवले नाही. एकाच बाटलीवरून दोघांचे मत जुळत नसेल, तर रुचीला दोष देण्याआधी हे लक्षात घ्यावे.

रोटंडोन तयार होते द्राक्षाच्या सालीत. तिथे अल्फा-ग्वाइन नावाचे तेलकट द्रव्य असते. त्याला हवेतला ऑक्सिजन जोडला गेला की रोटंडोन बनते. मण्यात पाणी उतरल्यानंतर, काढणीआधीच्या अगदी शेवटच्या आठवड्यांत ते वाढते. मात्र घडाभोवतीचे तापमान २५ अंश सेल्सिअसच्या वर जितका जास्त वेळ राहील, तितके ते कमी भरते. पानांच्या सावलीतल्या घडांत ते अधिक सापडते.

नाशिकमध्येही शिराझ पिकते. पण तिथे छाटणी ऑक्टोबरच्या आसपास आणि काढणी फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे घड पिकतो तो ऊन चढत असताना. युरोपात किंवा व्हिक्टोरियात तो पिकतो हवा थंडावत असताना. तेव्हा नाशिकच्या शिराझने ग्रॅम्पियन्ससारखा मिरीचा वास द्यावा ही अपेक्षाच चुकीची ठरेल. मळ्यामळ्यातले रोटंडोन मोजून, घडांवर किती पाने राखायची आणि काढणी कुठल्या आठवड्यात धरायची हे ठरवणे मला अधिक मोलाचे वाटते.