लॅपटॉप सुरू होत नाही? आधी विजेची वाट तपासा

पिकाला पाणी पोचेना, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो वाफा उकरत बसत नाही. तो विहिरीपासून निघतो. मोटार चालू आहे का, ते बघतो. पाइप गळतो का, ते बघतो. पाट कुठं फुटलाय का, ते बघतो. असं करत करत तो वाफ्यापर्यंत येतो. बहुतेक वेळा दोष वाटेतच सापडतो.

लॅपटॉपचेही तसेच आहे.

आता गावोगावी लॅपटॉप आले आहेत. कुणी तो जुना विकत घेतो. कुणाचा मुलगा शहरात नवा घेतो आणि जुना घरी पाठवतो. बचत गटाचा हिशेब त्यात असतो. मुलीच्या प्रवेशाची कागदपत्रे त्यात असतात. एक दिवस बटण दाबावे, तर दिवा नाही, आवाज नाही. घरचे म्हणतात, "गेला वाटतं!" मग कुणी तो भंगारात देतो. त्याच्याबरोबर हिशेब जातो, कागदपत्रेही जातात.

अशी घाई करू नका. आधी विजेची वाट समजून घ्या.

वीज भिंतीवरच्या बोर्डातून निघते. तिथे ती २३० व्होल्टची असते. ती चार्जरमध्ये जाते. चार्जर तिचा दाब कमी करतो. बहुतेक जुन्या लॅपटॉपना १९ व्होल्टच्या आसपास वीज लागते. चार्जरमधून ती लॅपटॉपमध्ये शिरते. थोडी बॅटरीत साठते. बाकीची आतल्या मोठ्या पाटीवर जाते. या पाटीला मेकॅनिक मदरबोर्ड म्हणतात. तिथून ती स्क्रीन, पंखा आणि डिस्क यांना मिळते. माहिती राहते ती डिस्कमध्ये.

आता एकेक टप्पा बघू.

पहिला टप्पा: बोर्ड. चार्जर काढा. त्याच जागी मोबाइलचा चार्जर लावून बघा. मोबाइल चार्ज होतो का? होत नसेल, तर दोष बोर्डात आहे. लॅपटॉपचा त्यात काही गुन्हा नाही.

दुसरा टप्पा: चार्जर. त्याची वायर हातात घेऊन नीट बघा. पण आधी पिन बोर्डातून काढा. वायर उंदराने कुरतडली आहे का? पिनेजवळ वाकून तुटली आहे का? पुष्कळ चार्जरवर बारीक दिवा असतो. चार्जर बोर्डाला लावल्यावर तो लागतो का? लॅपटॉपला पिन लावताच तो विझत असेल, तर चार्जर दुबळा झाला असेल, नाही तर लॅपटॉपच्या आत वीज भलत्या वाटेने जात असेल. हे काम मेकॅनिकचे आहे.

शेजाऱ्याचा चार्जर लावून बघायचा? बघा, पण जपून. चार्जरच्या पाठीवर आकडे छापलेले असतात. ते इंग्रजी लिपीत असतात. वाचता आले नाहीत तर शाळेतल्या मुलाला विचारा. बाहेर पडणाऱ्या विजेचे व्होल्ट दोन्ही चार्जरवर सारखे हवेत. ॲम्पियरचा आकडा तेवढाच हवा किंवा जास्त हवा. कमी नको. पिनेचे चित्रही जुळले पाहिजे. त्या चित्रात अधिक आणि उणे अशी खूण असते. नुसती पिन बसली म्हणून चार्जर चालतो, असे समजू नका.

तिसरा टप्पा: बॅटरी. पुष्कळ जुन्या लॅपटॉपची बॅटरी खालच्या बाजूने निघते. तिथे एक-दोन खिट्ट्या असतात. त्या सरकवल्या की बॅटरी सुटते.

आता एक सोपा उपाय करा. चार्जर काढा. बॅटरीही काढा. मग सुरू करायचे बटण ३० सेकंद दाबून धरा. सावकाश ३० पर्यंत मोजा. यात जादू नाही. वीज तोडली तरी आतल्या भागांत थोडी वीज अडकून राहते. तिच्यामुळे कधी कधी यंत्र अडून बसते. बटण दाबून धरले, की ती निघून जाते.

मग बॅटरी न लावता नुसता चार्जर लावा आणि बटण दाबा. लॅपटॉप सुरू झाला? मग तो बंद करा. चार्जर काढा. बॅटरी बसवून पुन्हा चार्जर लावा. आता सुरू झाला, तर काम झाले. बॅटरी बसवल्यावरच अडत असेल, तर दोष बॅटरीत आहे. काही शे वेळा चार्ज झाली, की बॅटरीचा दम कमी होतो. तो तिचा धर्मच आहे. असा लॅपटॉप नुसत्या चार्जरवरही चालतो. मात्र वीज गेली, की तोही लगेच बंद पडतो. म्हणून काम करताना ते वरचेवर सेव्ह करत चला.

चौथा टप्पा: स्क्रीन. दिवा लागतो, पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी. अशा वेळी लॅपटॉप बंद नसतो. कधी कधी तो नुसता दिसत नसतो. खोलीत अंधार करा. मोबाइलची बॅटरी स्क्रीनवर तिरकी धरा. पुसट चित्र दिसले, तर स्क्रीनमागचा उजेड गेला आहे. घरच्या टीव्हीला वायर जोडता येत असेल, तर जोडून बघा. टीव्हीवर चित्र आले, तर बाकीचे यंत्र ठीक आहे.

कधी कधी लॅपटॉप टीं-टीं असा आवाज करतो. तो आपली तक्रार सांगत असतो. किती वेळा वाजले, ते मोजून लिहून ठेवा. त्यावरून मेकॅनिकला दोष कळतो. पुष्कळदा आतली रॅमची पट्टी सैल झालेली असते. ती काढून, पुसून, पुन्हा बसवली की काम भागते.

आता कुठे थांबायचे, तेही ऐका.

बॅटरी फुगली असेल, तर चार्जर लावू नका. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकू नका. ती पेट घेते. जळका वास आला, तर आधी बोर्डाचे बटण बंद करा. लॅपटॉपवर पाणी किंवा चहा सांडला असेल, तर "बघू तरी" म्हणून तो सुरू करू नका. ओल्या यंत्रात वीज सोडली, की वाचणारे यंत्रही जळते. चार्जर काढा, बॅटरी काढा, आणि तसाच मेकॅनिककडे न्या.

मेकॅनिककडे गेल्यावर काय सांगाल? "बंद आहे, बघा" एवढेच सांगू नका. म्हणा, "भाऊ, बोर्ड ठीक आहे. चार्जरचा दिवा लागतो. बॅटरी काढून पाहिलं, तरी सुरू होत नाही. आत आमचा हिशेब आहे. मला विचारल्याशिवाय डिस्क पुसू नका." जो माणूस वाट तपासून येतो, त्याला कुणी सहसा फसवत नाही.

आणि समजा, मदरबोर्डच जळला. तरी धीर सोडू नका. जुन्या लॅपटॉपमध्ये डिस्क बहुधा वेगळी असते. ती स्क्रूने बसवलेली असते. डिस्क चांगली असेल, तर मेकॅनिक ती काढून दुसऱ्या यंत्राला जोडतो आणि माहिती उतरवून देतो. घर पडले, तरी धान्याची कोठी शाबूत राहावी, तसे हे आहे. म्हणून डिस्क काढून घेतल्याशिवाय लॅपटॉप भंगारात देऊ नका.

पण डिस्कही कधी ना कधी बिघडते. बियाणे आपण एकाच मडक्यात ठेवत नाही. माहितीही एकाच जागी ठेवू नये. लॅपटॉप चालू आहे तोवरच गटाचा हिशेब आणि घरची कागदपत्रे पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. तो पेन ड्राइव्ह कपाटात जपून ठेवा. महिन्याला एकदा नवी माहिती त्यात भरा. मग लॅपटॉप बंद पडला, तरी तुमचे काम बंद पडणार नाही.