श्रोणितलाचे भौतिकोपचार : एका विशेष व्यवसायाचे स्वरूप

भौतिकोपचाराच्या ज्या शाखा गेल्या शतकात स्वतंत्रपणे विकसित झाल्या, त्यांमध्ये श्रोणितलाच्या विकारांशी संबंधित शाखेचे स्थान काहीसे निराळे आहे. गुडघ्याची अथवा खांद्याची हालचाल रुग्णाला दिसते व उपचारकालाही दिसते. श्रोणितलाचे स्नायू मात्र दोघांच्याही दृष्टीआड असतात. शिवाय त्यांच्या विकारांविषयी बोलण्यास रुग्ण संकोचतात. हे दुहेरी अदृश्यत्व ध्यानात घेतल्यावाचून ह्या व्यवसायाला विशेष शिक्षणाची गरज का भासते, ह्याचा उलगडा होत नाही.

श्रोणितल म्हणजे पुढे जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीप्रमाणे पसरलेला स्नायूंचा व संयोजी ऊतींचा थर होय. मूत्राशय, गर्भाशय व मलाशय ह्यांना तो खालून आधार देतो. खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना उदरातील दाब वाढतो. त्या क्षणी हे स्नायू आकुंचन पावून मूत्रमार्ग मिटलेला ठेवण्यास साहाय्य करतात. प्रसूतीच्या वेळी हा थर अतिशय ताणला जातो व कधी फाटतोही. ताणासरशी लघवी सुटणे, अंग बाहेर येणे, मलावरील ताबा जाणे हे त्याचे संभाव्य परिणाम होत. पुरःस्थ ग्रंथी शस्त्रक्रियेने काढल्यानंतर पुरुषांनाही लघवीवर ताबा ठेवणे कठीण जाते. त्यामुळे ही शाखा केवळ स्त्रियांपुरती मर्यादित राहिलेली नाही.

ह्या शाखेचा उगम सूतिकागृहात झाला. लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात मिनी रँडेल ह्यांनी 1912 च्या सुमारास बाळंतिणींसाठी पद्धतशीर व्यायाम आखण्यास आरंभ केला. पुढे 1948 हे वर्ष दोन दृष्टींनी महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये प्रसूतिविषयक भौतिकोपचारकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली. आणि त्याच वर्षी अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नल्ड केगल ह्यांनी श्रोणितलाच्या व्यायामांवरील आपला सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध केला. केगल ह्यांचे नाव व्यायामाला चिकटले. परंतु त्यांच्या पद्धतीतील मर्म होते ते पेरिनिओमीटर ह्या दाबमापक उपकरणात. आकुंचनाचा जोर काट्यावर दिसू लागल्याने, न दिसणारा स्नायू रुग्णाला प्रथमच दृग्गोचर झाला. कालांतराने व्यायाम तेवढा लोकांत पसरला आणि मापन मागे पडले.

ह्या विपर्यासाचा परिणाम बंप व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1991 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्पष्ट झाला. केवळ थोडक्यात तोंडी सूचना दिलेल्या 47 स्त्रियांपैकी सुमारे निम्म्याच स्त्रियांना योग्य आकुंचन साधले. सुमारे एक-चतुर्थांश स्त्रियांची पद्धत तर लघवी सुटण्यास उलट कारणीभूत होऊ शकेल अशी होती. स्नायू वर ओढण्याऐवजी त्या खाली जोर देत होत्या. छापील पत्रक हाती देऊन उपचार संपत नाही, हे ह्यावरून सिद्ध होते. ब्रिटनमधील नाइस ह्या संस्थेच्या 2019 च्या मार्गदर्शिकेतही आकुंचन योग्य होते की नाही ह्याची प्रत्यक्ष तपासणी आधी करावी, आणि ताणजन्य वा मिश्र प्रकारच्या तक्रारीत पहिला उपचार म्हणून किमान 3 महिने देखरेखीखाली व्यायाम द्यावेत, असे म्हटले आहे. व्यायामाचे प्रमाण दिवसातून 3 वेळा, दर वेळी किमान 8 आकुंचने, असे सांगितले आहे.

विशेषज्ञाचे काम ह्या तपासणीपासून सुरू होते. प्रथम तक्रारीचा इतिहास आणि पाणी पिण्याच्या व लघवीच्या वेळांची नोंद घेतली जाते. नंतर रुग्णाची स्पष्ट संमती घेऊन अंतर्गत तपासणी केली जाते, व स्नायूंचे बळ 0 ते 5 ह्या श्रेणीत मोजले जाते. आकुंचन किती सेकंद टिकते, किती वेळा होते आणि त्यानंतर स्नायू पूर्ण शिथिल होतो की नाही, हेही पाहावे लागते. शेवटचा प्रश्न गौण नव्हे. श्रोणिवेदनेच्या काही रुग्णांत स्नायू दुर्बल नसून सतत आखडलेले असतात. त्यांना बळ वाढविण्याचा व्यायाम दिल्यास वेदना वाढण्याचा संभव असतो. तेथे शिथिलीकरण व श्वसन शिकवावे लागते. लघवीतून रक्त जाणे ह्यासारखे लक्षण आढळल्यास रुग्णाला विनाविलंब वैद्याकडे पाठविणे, हाही ह्याच विवेकाचा भाग होय.

ब्रिटनमध्ये पदवी व शासनमान्य नोंदणी ह्यांनंतर भौतिकोपचारक सामान्यतः प्रथम विविध विभागांत अनुभव घेतात, आणि मग अंतर्गत तपासणीचे पदव्युत्तर प्रशिक्षण घेऊन ह्या शाखेत प्रवेश करतात. भारतात, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात भौतिकोपचाराचे विद्यालय 1953 मध्ये सुरू झाले. 2021 च्या केंद्रीय अधिनियमाने ह्या व्यवसायाला राष्ट्रीय नियमनाच्या कक्षेत आणले. तथापि ह्या शाखेची खरी कसोटी भाषेपाशी लागते. ‘अंग बाहेर येते’ असे जी स्त्री दबक्या आवाजात सांगते, तिच्यापुढे पारिभाषिक संज्ञा निरुपयोगी असतात. वयाचा व बाळंतपणांचा अटळ भोग म्हणून जे सोसले जाते, त्यातील पुष्कळसे उपचारसाध्य आहे, हे तिच्याच शब्दांत तिला समजावून देणे, हे ह्या व्यवसायातील पहिले कौशल्य मानले पाहिजे.