अठ्ठावीस की तीस?

पावणेसात. ओटीत आल्यावर मी आधी रिंगांचं कपाट उघडते. आजची केस मायट्रल रिपेअर, म्हणजे हृदयाच्या मायट्रल झडपेची दुरुस्ती, तिच्या कडीवर रिंग शिवून. रिंगांचे नंबर सम असतात, चोवीसपासून पुढं. अठ्ठावीस, तीस, बत्तीस तिन्ही आहेत ना, एक्स्पायरी कधीची, हे पाहून ठेवते. नेमका हवा तो नंबर नाही, हे हृदय थांबवल्यावर कळून चालत नाही. मापं घ्यायचे सायझर रात्रीच ऑटोक्लेव्ह होऊन आलेत. ते पुन्हा वापरता येतात. रिंग मात्र एकदा फोडली की फोडली, म्हणून सर्जन सरांनी नंबर सांगितल्याशिवाय पाकिटाला कात्री लावायची नाही.

साडेसात. मुलगी एकोणीस वर्षांची. लहानपणी घसा दुखला, मग सांधे सुजले, आणि त्या संधिवाताच्या तापानं मायट्रल झडप धरली. पुढची पाकळी ताणून धरणाऱ्या दोऱ्या लांबल्यात, झडपेची कडी पसरलीय, त्यामुळं प्रत्येक ठोक्याला रक्त मागं फुप्फुसांकडं लोटलं जातं. आईचा एकच प्रश्न : "सिस्टर, झडप बदलणार नाहीत ना?" धातूची झडप बसली की वॉरफरिन जन्मभर, रक्ताच्या तपासण्या जन्मभर, आणि गरोदरपणात त्याच गोळीचा बाळाला धोका. संमतिपत्रावर दोन्ही लिहिलेलं असतं : रिपेअर, गरज पडल्यास रिप्लेसमेंट. मी आईला तेवढंच सांगते. वचन द्यायचा अधिकार मला नाही.

साडेआठ. भूल. अन्ननलिकेतून इकोचा प्रोब.

साडेनऊ. छाती उघडली. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलं, एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारे सेकंद, ४८०च्या वर गेला, तेव्हा हार्ट-लंग मशीनचा पंप सुरू. थोड्याच वेळात क्लॅम्प लागतो, कार्डिओप्लेजिया जातो, हृदय थांबतं. पंप चालवणारा परफ्युजनिस्ट घड्याळ लावतो. आता बोलणं मिनिटांत.

दहा. सर झडप हुकनं उचलून एकेक भाग तपासतात. या कामाचं शास्त्र पॅरिसच्या आलँ कार्पांतिए यांनी बसवलं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रिंग आणली आणि १९८३ मध्ये सगळी पद्धत 'फ्रेंच करेक्शन' म्हणून मांडली. पसरलेली कडी आवळणं एवढाच त्यांचा हेतू नव्हता. तिला मूळचा आकार परत द्यायचा होता. आधी लांबलेल्या दोऱ्यांच्या जागी गोर-टेक्सचे धागे. तो धागा इतका गुळगुळीत की गाठ घसरते, म्हणून पक्की गाठ शेवटी. मग कडीभोवती हिरवे-पांढरे टाके, आलटून पालटून, म्हणजे गुंता होत नाही.

आता सायझर. पुढची पाकळी पसरवून तिच्यावर धरायचा. कासार हात दाबून बांगडीचं माप ओळखतो, तशी सरांची नजर आहे. तरी ते दोन सायझर मागतातच. अठ्ठावीस की तीस? रिंग लहान झाली तर गळती थांबेल, पण रक्ताची वाटच अरुंद होईल. मोठी झाली तर पाकळ्या एकमेकींना भिडणार नाहीत. "थर्टी." मी "थर्टी" म्हणून मोठ्यानं परत सांगते, फ्लोअर नर्स पाकिटावरचा नंबर वाचून दाखवते, मगच फोडते. आत धातूचा गाभा, वर पॉलिएस्टरचं कापड. टाके त्यातून ओवून रिंग खाली सरकवतात.

अकरा. पाण्याची परीक्षा. बल्ब सिरिंजनं खालच्या कप्प्यात सलाइन भरायचं आणि झडप फुगून मिटते का पाहायचं. आतल्या कोपऱ्यातून बारीक धार आली. आणखी एक टाका. पुन्हा पाणी. थांबलं! मला विचाराल तर सर्जनची खरी पारख इथं होते. झडप बदलणं लवकर उरकतं आणि निकाल आधीच माहीत असतो. रिपेअरमध्ये स्वतःच केलेलं उसवायची तयारी लागते.

सव्वाअकरा. क्लॅम्प ऑफ. हृदय चालू झाल्यावर, भरलेल्या दाबाखाली, इको खरं काय ते सांगतो. गळती नावापुरती. जास्त दिसली असती तर पुन्हा पंप.

एक. हेपरिन उतरवायला प्रोटामिन, सुया-कापडांचा काउंट बरोबर. रिंगेचा स्टिकर केसपेपरवर, एक रजिस्टरमध्ये, एक आरोग्य योजनेच्या फायलीत. स्टिकर नसेल तर क्लेम अडकतो.

चार. कंपनीचा माणूस क्लिपचं माहितीपत्रक घेऊन येतो. मांडीतून नळी घालून दोन पाकळ्या मध्यावर चिमटीत धरणारी ही क्लिप. माणसात पहिल्यांदा २००३ मध्ये बसवली. तिची कल्पना इटलीच्या ओतावियो आल्फिएरी यांच्या टाक्यावरून आलेली. ऑपरेशन न झेपणाऱ्या म्हाताऱ्यांना ती मोठा आधार आहे. पण आमच्याकडं येणाऱ्या संधिवाती झडपा जाडावलेल्या, आखडलेल्या. त्यांना मध्येच चिमटा काढला तर वाट आणखी अरुंद. पत्रक ठेवून घेते.

साडेपाच. आयसीयूत मुलगी अजून व्हेंटिलेटरवर, ड्रेन कमी. आईला बाहेर गाठून आजच सांगते, कारण डिस्चार्जच्या गडबडीत हे हरवतं : झडप दुरुस्त झाली म्हणजे आजार गेला नाही. तो ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, निदान चाळिशीपर्यंत, कदाचित जन्मभर. तुमच्या घरात कुणाचं ते चालू असेल, तर पुढची तारीख आजच कॅलेंडरवर लिहा.