प्रश्न विचारण्याआधी

ऑगस्ट २०१७ पासून म्यानमारच्या राखाइन प्रांतातील लष्करी अत्याचारांमुळे सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशाच्या कॉक्स बझार जिल्ह्यात आश्रयाला आले. गर्भधारणा, बाळंतपण, गर्भनिरोधन, गर्भपात आणि लैंगिक हिंसेनंतरचे उपचार या साऱ्यांचा समावेश असलेल्या प्रजनन आरोग्याची नेमकी माहिती मिळाल्याशिवाय तेथे औषधे, सुईणी आणि निधी यांचे नियोजन करता येत नाही. परंतु ती मिळवण्यासाठी विचारलेला प्रश्नच एखाद्या स्त्रीला संकटात टाकू शकतो, आणि अशा संशोधनाची खरी अडचण हीच आहे.

रोहिंग्या स्त्रियांना अशा प्रश्नांची जी भीती वाटते, तिला इतिहास आहे. उत्तर राखाइनमध्ये त्यांना विवाहासाठी सरकारी परवानगी घ्यावी लागे, काही भागांत दोनच अपत्यांची मर्यादा लादलेली होती आणि कुटुंबयाद्या तपासायला अधिकारी घरात शिरत. त्यामुळे ‘मुले किती?’ हा संशोधकाला अगदी साधा वाटणारा प्रश्न या स्त्रियांनी पूर्वी छळ करणाऱ्यांच्याच तोंडून ऐकलेला असतो, आणि संमतीपत्रावर अंगठा उमटवणे म्हणजे पुन्हा एखाद्या सरकारी यादीत अडकणे, अशी शंका त्यांच्या मनात येणे स्वाभाविक असते. म्हणूनच अशा ठिकाणी लेखी सहीऐवजी, सर्व धोके समजावून सांगून घेतलेली तोंडी संमती अनेकदा अधिक सुरक्षित ठरते.

कायद्याची गुंतागुंत वेगळीच आहे. १८६० च्या ब्रिटिशकालीन दंडसंहितेनुसार बांगलादेशात स्त्रीचा जीव वाचवण्यासाठीच गर्भपाताला मुभा आहे. मात्र चुकलेली पाळी पूर्ववत आणण्याचा उपचार, म्हणजे ‘पाळी नियमन’, १९७९ पासून तेथील सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात आहे आणि तो शेवटच्या पाळीपासून दहा ते बारा आठवड्यांपर्यंत करता येतो. प्रश्नावलीत ‘गर्भपात’ हा शब्द आला तर कायदेशीर उपचार घेतलेली स्त्रीही नकार देईल. मराठी घरांत पाळीला ‘अडचण’ म्हटले जाते, तशीच आडवळणाची भाषा रोहिंग्या स्त्रियाही वापरतात, आणि चितगावकडच्या दुभाष्यांची बोली जवळची असली तरी हे बारकावे त्यांच्याकडून निसटू शकतात.

शिवाय छावणीतल्या बांबू आणि ताडपत्रीच्या झोपडीत एकांत जवळपास नसतोच. मुलाखत चालू असताना सासू आत आली, तर प्रशिक्षित मुलाखतकार बाळाच्या आहाराविषयीच्या, आधीच तयार ठेवलेल्या निरुपद्रवी प्रश्नांकडे वळते. थेट उत्तर टाळता यावे म्हणून ‘यादी पद्धत’ही वापरता येते: निम्म्या स्त्रियांना चार सामान्य विधाने आणि उरलेल्यांना तीच चार अधिक एक संवेदनशील विधान वाचून दाखवायचे, आणि कोणती नव्हे, तर किती विधाने लागू पडतात एवढेच विचारायचे. समजा, पहिल्या गटाची सरासरी २.१ आणि दुसऱ्याची २.२ आली, तर शंभरांपैकी सुमारे दहा स्त्रियांना तो अनुभव आला असावा, असा अंदाज बांधता येतो. या पद्धतीत सहसा कोणाचेही गुपित उघड होत नाही, पण याच कारणाने मदतीची गरज नेमकी कोणाला आहे, हेही कळत नाही.

ही उणीव संशोधकाला त्याच्या पहिल्या कर्तव्यापाशी आणते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये आणीबाणीतील लैंगिक हिंसेच्या संशोधनासाठी आठ शिफारशी केल्या. माहितीचा लाभ धोक्यापेक्षा मोठा असावा आणि माहिती गोळा करण्यापूर्वी त्या जागी पीडितांसाठी मूलभूत उपचार व आधार उपलब्ध असावा, हे त्यांतील कळीचे मुद्दे आहेत. जवळ दवाखाना नसताना जखमेविषयी विचारणे म्हणजे स्त्रीला तिचे दुःख पुन्हा जगायला लावून तसेच सोडून जाणे होय. उपचाराची सोय नसेल तर उपलब्ध माहितीवरच अभ्यास भागवावा आणि तोवर प्रश्नावली बंदच ठेवावी. एखादा अहवाल अपुरा राहिला तरी चालेल, पण त्याची किंमत झोपडीतल्या स्त्रीने मोजता कामा नये.