आधी कोण, मागून कोण : पेण-रोह्याच्या पंगती

पेणचे पोहे मुंबईच्या दुकानांत गावाच्या नावानं मागितले जातात. भाताच्या या मुलखात भात भिजवून, भाजून, कांडून पोहे करण्याचा धंदा जुना आहे. पण हेच पोहे एकेका घरात कसे खाल्ले जातात, ते पाहत गेलं की पेण-रोह्याची सगळी माणसं नजरेसमोर येतात. नरकचतुर्दशीला अभ्यंगस्नान झालं, पायाच्या अंगठ्यानं कारिट फोडलं की कोकणातल्या घरांत पोह्यांचे प्रकार पुढे येतात. आधी देवाला, मग घरातल्या थोरांना, मग मुलांना. मुलगी पाहायला पाहुणे आले की कांदेपोहे येतात, तेव्हा बशी आधी कोणाच्या हातात जाते यावर घरची वळणं जोखली जातात. आणि बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंच्या, घरात लग्नाआधी किंवा नवस फेडताना पोहे भिजवून त्यांत ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा घालतात. त्याला म्हणतात मलिदा. पोह्यांच्या ढिगाभोवती फळं मांडायची, प्रेषित एलियाहू हन्नाबीचं स्मरण करायचं आणि झाडाच्या फळासाठी एक, जमिनीतून आलेल्यासाठी एक, सुवासासाठी आणखी एक असे आशीर्वचनाचे मंत्र हिब्रूत म्हणून झाल्यावरच घास उचलायचा.

जेवणाच्या रीतीभातींवर लिहिताना काटा डाव्या हातात की उजव्या, इथपासून सुरुवात करण्याची पद्धत आहे. मला त्याहून मोठा प्रश्न दिसतो तो घासाच्या आधीचा: हात कोणासाठी थांबवायचा? पेण आणि रोहा या दोन तालुक्यांत आगरी, कोळी, कुणबी, ब्राह्मण, कायस्थ प्रभू, मुसलमान, बेने इस्रायल, कातकरी, ठाकूर असे लोक पिढ्यान् पिढ्या शेजारी राहिले. प्रत्येकाच्या जेवणाला आपले नियम. ते वरून एकमेकांपासून फार लांबचे वाटतात, पण बहुतेक नियम थांबण्याचेच आहेत.

पानाची पंगत घ्या. पाट मांडलेला, पुढे रांगोळी, केळीच्या पानाचं अग्र जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला. वाढायला सुरुवात मिठापासून, तेही पानाच्या वरच्या बाजूला मधोमध. डावीकडे लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर आणि उजवीकडे भाज्या. बोटभर चाखायचं ते लांब आणि पोटभर खायचं ते हाताजवळ, अशी ही साधी, सोयीची रचना आहे. मग भाताची मूद, वरण, वर तूप. तूप वाढून होईपर्यंत कोणी पानाला हात लावत नाही. जुन्या वळणाच्या घरांत पानाभोवती पाणी फिरवून भाताच्या चित्राहुती घालतात, आपोशन घेतात, पाच प्राणांच्या नावानं पाच छोटे घास घेतात. इतरत्र श्लोक होतो. पांडुरंगशास्त्री आठवले रोह्याचेच, जन्म 1920 चा. त्यांच्या स्वाध्याय परिवारात त्रिकाळ संध्येतली एक प्रार्थना जेवणाआधीची आहे आणि ती कोळीवाड्यांत, आगरी गावांत घरोघर पोचली. ज्या घरांत चित्राहुती कधीच नव्हत्या, तिथेही ताटावर बसून क्षणभर हात जोडण्याची रीत त्यामुळे रुळली.

यजमान 'सावकाश होऊ द्या' म्हणतो आणि पंगत सुरू होते. वाढपी वाकून वाढतो, पण पळी पानाला टेकू देत नाही. जेवणाऱ्याचा उजवा हात उष्टा, म्हणून तो वाढायच्या भांड्याला लागत नाही. तांब्यातलं पाणी भांड्यात घेऊन वरून प्यायचं. साथीच्या रोगांनी सगळ्यांना हात धुवायला लावलं, त्याच्या कितीतरी आधी हे शहाणपण आपल्या माजघरांत होतं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. ताक-भाताचा किंवा कढीचा भुरका मात्र इथे मोकळेपणानं मारतात. इंग्रजांच्या टेबलावर सुपाचा आवाज हा दोष, तर जपानमध्ये नूडल्स सुर्र आवाज करत खाणं अगदी रीतसर. तिकडे भाताच्या वाडग्यात चॉपस्टिक उभ्या खोचत नाहीत, कारण तसं मृतासाठी ठेवलेल्या भातात करतात. आपल्याकडे ताटात तीन पोळ्या एकदम वाढत नाहीत, त्यामागेही अशीच भीती आहे. अशा गोष्टी लहानपणी कोणी समजावत नाही. आजी हातावर चापट मारते आणि त्या लक्षात राहतात.

जेवण झालं तरी उठायचं नाही. शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांचा दहीभात संपेपर्यंत बसून राहायचं आणि सगळ्यांनी मिळून उठायचं. कोरियात घरातल्या वडीलधाऱ्यानं चमचा उचलल्याशिवाय धाकटे जेवायला लागत नाहीत, आणि तो उठेपर्यंत धाकटे उठतही नाहीत. पेणच्या वाड्यातली शिस्त आणि सोलच्या घरातली शिस्त एकमेकींना न भेटता सारखी झाली.

पण या पंगतीची दुसरी बाजू लिहिली नाही तर लेख खोटा ठरेल. हाच थांबवलेला हात दुसऱ्याला थांबवण्यासाठीही वापरला गेला. एकाच पंगतीत कोणाला साजूक तूप, कोणाला साधं. कोणाला ओसरीवर जागा, कोणाला अंगणात, कोणाला अंगणाबाहेर. 1890 साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीचा बहिष्कार, आलं आणि प्रायश्चित्ताचा वाद वर्षानुवर्षं चालला. आपल्याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, 20 मार्च 1927 ला महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो माणसं चवदार तळ्याचं पाणी प्यायली. त्यानंतर ते ज्या परिषदेसाठी जमले होते तिच्या मंडपावर हल्ला झाला, तेव्हा परगावची माणसं जेवत होती. हल्लेखोरांनी त्यांचं अन्न मातीत मिसळलं. भरल्या पानावरून माणसाला उठवू नये, हा आपल्या संस्कृतीचा जुना नियम. तो नियम सांगणाऱ्यांनीच तो मोडला. आणि घरातल्या घरात? बायकांची पंगत शेवटची. उरलंसुरलं त्यांचं. आग्रह करकरून वाढणाऱ्या बाईला 'तू जेवलीस का' असं विचारण्याचा नियम कुठल्याच शास्त्रात लिहून ठेवलेला नव्हता.

म्हणून मी रीतींचे सरळ दोन वाटे करतो. आपला हात आवरायला शिकवणाऱ्या रीती ठेवाव्यात आणि दुसऱ्याला दूर सारणाऱ्या टाकाव्यात. वारकऱ्यांनी हे फार पूर्वी ओळखलं होतं. पेण-रोह्याच्या गावागावांत हरिनाम सप्ताह होतात. शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं, दही-पोहे-लाह्यांचा काला होतो आणि माणसं तो एकमेकांना भरवतात. इथिओपियात इंजेराचं एकच मोठं ताट असतं आणि त्यातला घास शेजाऱ्याच्या तोंडात घालणं हा स्नेहाचा मान, त्याला ते गुरशा म्हणतात. काल्यातला घास याच जातीचा आहे. दुसऱ्याच्या हातचा घास तोंडात घेतल्यावर सोवळं-ओवळं उरत नाही.

पेण तालुक्यातल्या गागोद्याला 1895 साली विनोबा भाव्यांचा जन्म झाला. घरी फणस कापला की आई छोट्या विन्याच्या हाती गरे देऊन ते आधी शेजाऱ्यांकडे वाटायला पाठवी, घरच्यांनी मग खायचं. ही आठवण विनोबांनी पुढे आयुष्यभर सांगितली. भूदानाचं मूळ त्या फणसात शोधावं असं मला अनेकदा वाटतं. दिवाळीत फराळाची ताटं शेजारी जातात आणि शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं, निदान चिमूटभर साखर तरी घालायची, तीही याच वळणाची रीत.

रोह्यात कुंडलिकेच्या पलीकडे अष्टमी. नगरपालिकेचं नावच रोहा-अष्टमी. बेने इस्रायलांमध्ये रोहेकर, पेणकर, अष्टमकर अशी आडनावं आढळतात, ती इथलीच. अष्टमीच्या मुसलमान घरांत दस्तरखान अंथरतात, बिस्मिल्ला म्हणून उजव्या हातानं जेवायला लागतात. ताट सामायिक असेल तर आपल्या समोरच्या कडेचं खायचं, मधल्या ढिगात हात घालायचा नाही, कारण बरकत मध्यावर उतरते अशी श्रद्धा आहे. दाऊदी बोहरा मंडळी मोठ्या थाळाभोवती गोलाकार बसतात आणि सुरुवात चिमूटभर मिठानं करतात. केळीच्या पानावरही पहिलं मीठच. बेने इस्रायल घरात शुक्रवारी संध्याकाळी हात धुऊन, मनुका भिजवून काढलेल्या रसावर किद्दुश हे शब्बाथचं आशीर्वचन म्हणतात. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध, जे इथे परसात मिळतं. आणि ज्या मुलखात कोलंबी आणि चिंबोरी म्हणजे जीव की प्राण, तिथेच राहून ती खायची नाहीत, कारण खवले-पर नसलेलं पाण्यातलं काही धर्माला चालत नाही. शेजारी कोळीण ताजी चिंबोरी घेऊन दारात उभी आणि घरची बाई हसून फक्त पापलेट मागते, असा व्यवहार इथे पिढ्यान् पिढ्या चालला. कोणी कोणाला टाकून बोललं नाही. 1948 नंतर यातली बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली आणि मलिदा तिकडेही होत राहिला.

हिवाळ्यात मात्र या भागात एक जेवण असं होतं की पाट, पान, दस्तरखान काहीच लागत नाही. भात कापला की त्याच ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, रताळी, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, मधूनमधून मीठ आणि ओवा, आणि तोंडाशी पुन्हा पाला दाबून भरायचा. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उपडं ठेवून भोवती पेंढा, गोवऱ्या, काटक्या पेटवायच्या. पाऊण तासभर गेला की मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारायचा; चर्र आवाज आला की पोपटी झाली. गुजरातेत वलसाडकडे उंबाडियू याच रीतीनं होतं.

मडकं कागदावर किंवा केळीच्या पानांवर ओतलं की सगळे भोवती बसतात. इथे नियम नाहीत असं पाहुण्याला वाटतं, पण आहेत. चाळवाचाळव करून कोंबडीचे तुकडे शोधायचे नाहीत; शेंगा सोलत, बोलत, हाताला येईल ते खायचं. पोरांना भाजेल म्हणून मोठी माणसं आधी त्यांच्यासाठी सोलून देतात. मांसाहार न करणारा कोणी असेल तर त्याचं मडकं वेगळं लागतं आणि त्यावरून चेष्टा करायची नसते. ज्याच्या शेतात पोपटी लागली, तो विस्तव पुरता विझवूनच घरी जातो.

टेबलखुर्चीचा रिवाज इथल्या घरांत उशिरा आला, पण इथली माणसं टेबलापर्यंत लवकर पोचली. रोह्यात बालपण गेलेले चिंतामणराव देशमुख केंब्रिजच्या जीझस कॉलेजात शिकले, आय.सी.एस. झाले आणि 1943 साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. त्या काळी बॅरिस्टर व्हायचं तर लंडनच्या इनमध्ये, म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेत, ठरावीक जेवणं जेवावीच लागत, अभ्यासाबरोबर टेबलही पास व्हावं लागे. खुद्द इंग्लंडातही काटा उपराच होता. टॉमस कोरिएट या प्रवाशानं इटलीत काटा पाहिला आणि 1611 च्या आपल्या पुस्तकात त्याचं वर्णन केलं. सगळ्यांची बोटं सारखी स्वच्छ नसतात म्हणून इटालियन माणसं काटा वापरतात, असं त्यानं नोंदवलं. मायदेशी त्याची थट्टा झाली. पुढे हाच कोरिएट पायी चालत हिंदुस्थानात आला आणि 1617 मध्ये सुरतेला वारला. बोटांनी जेवणाऱ्यांना रानटी म्हणणाऱ्या साहेबाचे पणजोबा बोटांनीच जेवत होते. म्हणून मुलांना काटा-सुरी जरूर शिकवावी, पण हातानं वरणभात कालवताना कोणी पाहिलं तर संकोच वाटावा असं काहीच त्यांच्या मनात भरू नये.

आज पेण-रोह्याच्या मंगल कार्यालयांत बुफे आला आहे. एका हातात ताट, त्याच हाताच्या बोटांत वाटी धरायची, म्हाताऱ्यांना खुर्ची शोधत फिरावं लागतं, आणि परत यायला नको म्हणून ताट एकदाच शिगोशीग भरायचं. त्यातलं बरंचसं टोपलीत जातं. थांबायचं कोणासाठी, हा प्रश्नच तिथे उरत नाही. पण बायका पहिल्यांदा पुरुषांच्या बरोबरीनं, गरम गरम जेवतात, हेही बुफेनंच घडवलं आणि ते मला फार मोलाचं वाटतं. आगरी गावांत हळदीच्या रात्री अजून गावची पोरं कंबर बांधून वाढतात. सप्ताहाच्या महाप्रसादाला अजून पंगत बसते, वाढणारे शेवटी बसतात आणि त्यांना वाढायला आधी जेवलेले उठतात.

2018 साली राज्यात थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली आणि पत्रावळी परत दिसू लागल्या. बऱ्याचशा यंत्रावर दाबलेल्या, बाहेरून येणाऱ्या. पण पेणच्या आणि रोह्याच्या बाजारात कातकरी-ठाकूर बायका पळसाची पानं बारीक काडीनं टाचून केलेल्या पत्रावळींचे गठ्ठे अजून आणतात. गावजेवणं ज्या पत्रावळीवर झाली, ती टाचणारे हात त्या पंगतींत क्वचितच बसले. पुढच्या सप्ताहाला पत्रावळी त्यांच्याकडून रोख पैसे देऊन घ्याव्यात, आणि पहिल्या पंगतीत त्यांची पानं आधी मांडावीत.