कलमी अक्रोडाची बाग

दिवाळीच्या फराळात किंवा नाताळच्या केकमध्ये अक्रोडाचा गर आपण आवडीने खातो; पण ते झाड आपल्यापैकी फारच थोड्यांनी पाहिले असेल. कोकण-गोव्याच्या दमट हवेत ते वाढत नाही. त्याला हिवाळ्यात कडक थंडी व पाने झडून विश्रांती हवी असते. भारतातील बहुतांश अक्रोड काश्मीरमध्ये पिकतो व उरलेला हिमाचल प्रदेश, उत्तराखंड आणि अरुणाचल प्रदेश येथून येतो. तथापि या झाडाच्या लागवडीचा जो मुख्य प्रश्न, तो मात्र आपल्या घरोघरी परिचित आहे. रायवळ आंबा लावावा की कलमी, हाच तो प्रश्न होय.

आंब्याची गोड कोय पुरली म्हणून आलेल्या झाडाला तसाच गोड आंबा लागेल, याची शाश्वती नसते, हे लहान मुलासही ठाऊक असते. अक्रोडाचे तर याहून अवघड आहे. एकाच झाडावर नरफुलांचे लोंबते तुरे व मादीफुले दोन्ही येतात खरी, परंतु ती बहुधा एकाच वेळी उमलत नाहीत. त्यामुळे पराग वाऱ्याबरोबर दुसऱ्या झाडावरून यावा लागतो. अर्थात प्रत्येक बी हे दोन भिन्न कुळांचे अपत्य ठरते. अशा बियांपासून शंभर झाडे वाढविली, तर शंभर तऱ्हांची फळे मिळतील. कुणाचे कवच हाताने फुटेल, कुणावर हातोडा मारावा लागेल. कुणाचा गर पांढुरका, तर कुणाचा काळपट. काश्मिरात पातळ कवचाच्या अक्रोडास 'कागदी' म्हणतात, मध्यम कवचाचा तो 'बुर्झुल', आणि दगडासारखा कठीण तो 'वोंथ'. हे सर्व एकाच पोत्यात आले म्हणजे व्यापारी भाव देताना हात आखडता घेतो, यात नवल ते काय?

कलमाने हा घोटाळा संपतो. निवडक झाडाची काडी दुसऱ्या रोपाच्या खुंटावर बसविली की वरचा सर्व विस्तार त्या मूळ झाडाचीच प्रतिकृती असतो. फळांचा आकार, कवचाची जाडी, गराचा रंग, पिकण्याचा काळ, सारे सारखे. शिवाय काडी प्रौढ झाडाची असल्यामुळे तिला बाल्यावस्था पुन्हा भोगावी लागत नाही. बियांच्या झाडाला फळ धरण्यास दहा-बारा वर्षे, कधी त्याहूनही अधिक लागतात. कलम चौथ्या-पाचव्या वर्षीच फळू लागते. ज्याच्यापाशी दोन-तीन कनाल जमीन आहे, त्या शेतकऱ्याला हा काळ थोडा नव्हे.

परंतु आमच्या मते कलमाच्या बाजूने सर्वांत वजनदार गोष्ट बाजारभावाची नाही. बियांपासून वाढलेले अक्रोडाचे झाड वीस-पंचवीस मीटर उंच जाते. सप्टेंबरात फळांची हिरवी साल तडकू लागली, की काश्मिरातील माणसे लांब काठी घेऊन त्याच्या शेंड्यापर्यंत चढतात व फांद्या झोडपून अक्रोड पाडतात. फांदी निसरडी असते, कधी आतून किडलेली असते, आणि कमरेला दोर क्वचितच असतो. दर हंगामात माणसे पडतात. काही जागीच दगावतात, काहींचा पाठीचा कणा मोडून ते जन्माचे अंथरुणाला खिळतात. घरातला कमावता हात अशा रीतीने जाणे म्हणजे काय, हे आपल्या माडावर चढणाऱ्या पाडेल्यांच्या कुटुंबांना सांगावयास नको. छाटून बुटके ठेवलेले कलम शिडीवरून किंवा जमिनीवरूनच झोडता येते.

कॅलिफोर्नियात याच्याही पुढची मजल गाठली गेली आहे. तेथे १८६७ साली जोसेफ सेक्स्टन यांनी गोलेटा येथे बियांपासून अक्रोडाची बाग लावली होती. पुढे फेलिक्स जिले या फ्रेंच रोपवाटिकाकाराने फ्रान्समधील उत्तम जाती आणल्या, आणि हळूहळू बियांच्या बागा मागे पडून कलमी बागा आल्या. १९७९ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने 'चँडलर' ही जात प्रसृत केली. जुन्या जातींत फळे केवळ फांदीच्या टोकाला धरतात; चँडलरच्या बाजूच्या बहुतेक डोळ्यांनाही फळ येते. तिचा गर फिकट असतो, आणि तिला पालवी उशिरा फुटत असल्यामुळे वसंतातील हिमकडाक्यातून ती पुष्कळदा वाचते. तेथे यंत्र बुंधा धरून झाड हलविते आणि पडलेली फळे दुसरे यंत्र झाडून गोळा करते. झाडावर चढावेच लागत नाही.

मग काश्मिरात सर्वत्र कलमेच का नाहीत? कारण अक्रोडाचे कलम आंब्याइतके सहज जमत नाही. काडी कापताच तिच्यातील तुरट द्रव्य हवेने काळे पडते, वसंतात खुंटातून रस पाझरत राहतो, आणि जखम सांधणारी नवी ऊती वाढण्यास सुमारे सत्तावीस अंश सेल्सिअस उष्णता लागते. काश्मीरच्या थंड वसंतात उघड्यावर ती मिळणार कोठून? म्हणून श्रीनगरच्या केंद्रीय समशीतोष्ण फलोद्यान संस्थेसारख्या ठिकाणी पॉलिथिनच्या उबदार घरात पाचर कलमे बांधली जातात. या संस्थेने स्थानिक झाडांतूनच उत्तम जाती निवडल्या आहेत, हे आम्हास विशेष स्तुत्य वाटते. तरीही कलमाचे रोप महाग पडते, आणि बांधावरच्या जुन्या झाडासारखे ते वाऱ्यावर सोडून चालत नाही; पाणी, खत, छाटणी ही वेळच्या वेळी द्यावीच लागतात.

कलमाला दोषही आहेत. कॅलिफोर्नियात काळ्या अक्रोडाच्या जोमदार खुंटावर कलमे बांधली गेली. परंतु एका विषाणूमुळे सांध्यावर काळी रेघ उमटून भरात आलेली झाडे वाळू लागली. खुंट स्वतःच्या बचावासाठी सांध्याजवळच्या पेशी मारून टाकतो आणि त्यात वरच्या झाडाची उपासमार होते! सबंध बाग एकाच जातीची असली, तर परागाचीही अडचण येते. म्हणून चँडलरमध्ये फ्रान्केटची थोडी झाडे पेरावी लागतात. आणखी एक तोटा श्रीनगरच्या कारागिरांचा. त्यांचे प्रसिद्ध नक्षीकाम जुन्या अक्रोडांच्या जाड बुंध्यांच्या लाकडावर होते, आणि बुटक्या कलमांपासून तसे ओंडके मिळावयाचे नाहीत. म्हणून फळांसाठी कलमी बाग आणि लाकडासाठी ओढ्याकाठी, बांधावर काही बियांची झाडे, अशी वाटणी आम्हास योग्य वाटते. त्या उंच झाडांची फळे आपोआप गळतील तेवढीच वेचावीत. त्यांच्यासाठी कोणी शेंड्यावर चढू नये.