पांढऱ्याचे नखरे

गणपतीच्या पीतांबराच्या चुण्या या आठवड्यात घेऊ असं म्हणालो होतो. त्या राहू देत. हमरापूरकडच्या एका वाचकाचं पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न ओलांडून चुण्यांकडे गेलो तर पुढचे दोन-तीन भाग लंगडत चालतील. ते लिहितात : काळा रंग एअरब्रशच्या गनमधून सरळ येतो. त्याच गनमध्ये, त्याच प्रेशरला पांढरा भरला की ती थुंकायला लागते. दुकानदार म्हणतो पातळ करा. पातळ केला की ओघळतो आणि झाकतही नाही. मग करायचं काय?

पारदर्शक रंगांबद्दल आतापर्यंत जे बोललो, त्यातलं निम्मं इथे बाजूला ठेवावं लागेल. पारदर्शक रंगाला खालचं दाखवायचं असतं, अपारदर्शक रंगाला खालचं लपवायचं असतं. त्यातही पांढऱ्याचं काम सगळ्यांत अवघड.

काळा रंग लपवतो तो प्रकाश गिळून. काजळीचे थोडेसे कणही त्याला पुरतात, म्हणून काळा पातळ केला तरी काळाच दिसतो. पांढऱ्याला काहीच गिळता येत नाही. आलेला प्रकाश त्याला परत फेकावा लागतो. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना वळतो आणि काही उलट फिरतो. त्या दोन पदार्थांच्या अपवर्तनांकात जितकं अंतर जास्त, तितका परतणारा प्रकाश जास्त. टिटॅनियम डायऑक्साइडच्या रुटाइल प्रकाराचा अपवर्तनांक सुमारे २.७, आणि ज्यात तो कालवलेला असतो त्या ॲक्रेलिकचा सुमारे १.५. अंतर भरपूर, म्हणून हा पांढरा झाकतो. खडूच्या पुडीचा अपवर्तनांक १.६च्या आसपास. ॲक्रेलिकमध्ये कालवली की ती जवळजवळ दिसेनाशी होते.

चुन्याची भिंत आठवा. ब्रश फिरवताना पाणी मारल्यासारखी दिसते आणि दुपारपर्यंत पांढरीफटक होते. चुना हवेशी मिळून बदलतो हे खरंच, पण डोळ्यांना दिसणाऱ्या फरकाचं मोठं कारण असं की कणांमधलं पाणी (१.३३) उडून तिथे हवा (१) येते आणि अंतर वाढतं. स्वस्त पोस्टर व्हाइट आणि डिस्टेंपर यांत खडूसारखी भर बरीच असते, त्यामुळे तेही ओले असताना फसवतात. ‘झाकत नाही’ या तक्रारीचा एक हिस्सा इथेच मिटतो. पांढऱ्याचा निवाडा ओल्यावर करायचा नाही. रंगाचा हात पूर्ण वाळू द्या, मग बघा.

हा पांढरा येतो कुठून, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. टिटॅनियम मिळतं मुख्यतः इल्मेनाइट नावाच्या खनिजातून, म्हणजे लोह आणि टिटॅनियमच्या ऑक्साइडातून, आणि ते असतं काळंकुट्ट. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही पुळणींवर जी काळी वाळू दिसते, तिच्यात हेच इल्मेनाइट असतं. केरळातल्या किनाऱ्याच्या वाळूतून तर रंगद्रव्य काढण्याचे कारखानेच उभे राहिले. गणपतीच्या पांढऱ्याशुभ्र दाताचा मूळ पुरुष काळी वाळू आहे. टिटॅनियम पांढरा बाजारात आला तो पहिल्या महायुद्धाच्या आसपास. त्याआधी चित्रकारांचं काम शिशाच्या आणि जस्ताच्या पांढऱ्यावर चालायचं.

आता थुंकण्याकडे. रुटाइलची घनता पाण्याच्या चौपटीहून थोडी जास्त आहे. काजळीची दुपटीलाही पोहोचत नाही. शिवाय काळ्यात रंगद्रव्य चिमूटभर, पांढऱ्यात मूठभर. म्हणजे पांढऱ्याच्या कपात जड कण आहेत, भरपूर आहेत आणि ते सतत खाली बसायच्या मागे आहेत. वर कप असलेल्या गनमध्ये ‘खाली’ म्हणजे नेमकं कुठे? नोझलचं तोंड. त्यात गोची अशी की रंग जितका पातळ कराल, तितके कण लवकर खाली बसतात, कारण त्यांना धरून ठेवणारा दाटपणाच आपण काढून घेतलेला असतो. दुकानदाराचा सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. पातळ करा, पण थोडाच करा आणि लगेच वापरा. सकाळी बाटलीभर पातळ पांढरा करून दिवसभर पुरवायचा, हा बेत काळ्यासाठी ठीक आहे. पांढरा कपापुरता कालवावा आणि काम चालू असताना मधूनमधून बारीक ब्रशाने कप ढवळावा.

किती पातळ? जगभर याचं एकच उत्तर मिळतं : दुधाइतका. कोणाच्या दुधाइतका, हे कोणी सांगत नाही. म्हशीच्या निरशा दुधात आणि चहाच्या टपरीवरच्या दुधात जो फरक आहे, त्याच फरकात आपलं सगळं काम अडकलंय. माझं मत विचाराल तर पारदर्शक रंग टपरीचा, काळा आणि इतर अपारदर्शक रंग गायीचा, पांढरा म्हशीचा. कपाच्या आतल्या भिंतीवर रंग चढवून सोडा. तो एकसारखा खाली उतरला आणि मागे पातळसा पांढरा पडदा राहिला, तर जमलं. मागे भिंत स्वच्छ दिसली तर पाणी जास्त झालं. रंग गोळ्यागोळ्यांनी सरकला तर अजून थोडं हवं.

एअरब्रशसाठीच केलेल्या बाटलीतल्या अपारदर्शक रंगाला मी दहा भागांना एक ते दोन भाग थिनर घालून सुरुवात करतो. डबीतल्या दाट ॲक्रेलिकला जवळजवळ बरोबरीने लागतं, आणि तेही थेंबाथेंबाने. निव्वळ पाणी घालू नये, हा आग्रह मात्र सोडणार नाही. पाणी रंगद्रव्याबरोबर बाइंडरही विरळ करतं. पांढऱ्यात रंगद्रव्य आधीच खच्चून भरलेलं असतं. त्याला धरून ठेवणारं बाइंडर आणखी विरळ झालं की वाळल्यावर बोटाला पांढरं लागतं. त्यावर पिवळा किंवा गुलाबी हात मारायला गेलात की खालचा पांढरा उखडून येतो. म्हणून एअरब्रश मीडियम, म्हणजे रंगाशिवायचं पातळ बाइंडर, आणि पाणी असं मिश्रण बरं. मीडियम रंगाच्या कंपनीचंच घ्या. वेगवेगळ्या घराण्यांचे रंग आणि थिनर एकत्र आले की कधीकधी कपातच दही लागतं. कालवून झालं की जुन्या नायलॉनच्या पायमोज्यातून गाळा. कोरड्या गुठळ्या डोळ्यांना दिसत नाहीत, नोझलला दिसतात.

नोझलवरून आठवलं. ०.२ मिलिमीटरच्या नोझलमधून पांढरा काढायचा हट्ट का धरायचा? ती शाईसारख्या रंगांसाठी आहे. पांढऱ्याला ०.३५ किंवा ०.५ द्या, निम्मे नखरे तिथेच थांबतात.

प्रेशरच्या बाबतीत बहुतेक जण उलट्या टोकाने सुरुवात करतात. आधी गेजवर आकडा ठरवतात आणि मग त्या आकड्याला चालेल असा रंग कालवतात. खरं तर रंग आधी ठरतो, कारण झाकायला किती दाटपणा लागतो हे कामावर अवलंबून असतं. मग त्या दाटपणाचे बारीक थेंब करायला जेवढी हवा लागेल, तेवढी द्यायची. दाट रंगाला जास्त हवा, पातळ रंगाला कमी. शाईसारख्या पारदर्शक रंगाने बारीक रेघ ओढताना १० ते १५ पीएसआय पुरतं, पांढऱ्याला साधारण २० ते ३०. टी-शर्टवर फवारणारे लोक ५०-६० पर्यंतही जातात, कारण त्यांना दाट रंग कापडाच्या धाग्यांत घुसवायचा असतो. मूर्तीवर तसं केलंत तर रंग अंगावरून उडून शेजारच्या मूर्तीवर बसेल.

आणि तो आकडा वाचायचा कधी? ट्रिगर दाबून, हवा सुटत असताना. हात सोडलेला असताना गेज ३० दाखवतं, दाबलं की ते २४-२५ वर येतं, आणि लांब, बारीक नळी असेल तर गनच्या तोंडाशी त्याहून कमी. ‘तुम्ही सांगितलेल्या प्रेशरला येत नाही’ अशी पत्रं येतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी बंद हवेचा आकडा धरलेला असतो. शिवाय आपल्याकडच्या पुष्कळ गेजवर मोठे आकडे किलोचे असतात. एक किलो म्हणजे सुमारे १४ पीएसआय. दोन किलोवर काटा ठेवलात तर २८ झालेच.

काळ्या पुठ्ठ्यावर करून बघा. २० वर सुरू करा, हातभर नव्हे, वीतभर अंतरावरून. दाणेदार ठिपके पडत असतील तर दोन-दोन पीएसआय वाढवत जा. ३० पर्यंत जाऊनही दाणा गेला नाही तर गेजला हात लावू नका, रंग थोडा पातळ करा. उलट रंगाला चहूकडे पाय फुटत असतील तर तो जास्त पातळ आहे, हवा जास्त आहे किंवा तुम्ही फार जवळ आहात. आधी मागे सरका, मग हवा कमी करा. वाळल्यावर बोटाला भुकटी लागली तर थेंब वाटेतच वाळतायत : हवा जास्त किंवा अंतर जास्त. आणि सुरुवातीला नीट येऊन थोड्या वेळाने थुंकणं सुरू झालं, तर आधी सुईच्या टोकाशी वाळलेला रंग बघा. ओल्या ब्रशाने टोक पुसलं की बहुतेकदा काम भागतं. विदर्भातल्या उन्हाळ्यात हे सारखं करावं लागतं, तिथे रंगाचं वाळणं लांबवणाऱ्या रिटार्डरचे दोन थेंब उपयोगी पडतात.

पेण-हमरापूरच्या बाजूला दुखणं वेगळं. रंगकाम ऐन पावसाळ्यात चालतं. दमट हवा दाबून कंप्रेसरच्या टाकीत भरली आणि ती थंड झाली की त्यातलं पाणी टाकीत साचतं आणि नळीतून थेट मूर्तीवर येतं. पत्र लिहिणाऱ्यांची गन काळ्याला थुंकत नाही, म्हणजे त्यांचा दोष पाण्याचा नसावा. तरी टाकीखालचा ड्रेन रोज काम संपल्यावर उघडावा आणि गनच्या जवळ मॉइश्चर ट्रॅप लावावा. तोंडाला मास्क तर हवाच. पांढऱ्या रंगद्रव्याचे कण एक मायक्रॉनहूनही बारीक असतात.

झाकण्याचं राहिलं. एका हातात झाकायचा प्रयत्न केला की ओघळणारच. पहिला हात एवढा हलका मारा की खालचा काळा करडा व्हावा, बस. तो वाळला की दुसरा, मग तिसरा. घाई असेल तर मध्ये केस वाळवायचं यंत्र फिरवा, पण लांबून.

या पातळ हातांची एक खोड आहे, आणि ती पत्रात नसली तरी पुढच्या पत्रात येणारच. गडद रंगावर पांढरा विरळ फवारला की तो निळसर दिसतो. कारण तेच, ज्याने आकाश निळं दिसतं : बारीक कण निळा प्रकाश जास्त विखरतात, तांबडा-पिवळा त्यांच्यामधून निसटून खाली जातो आणि खालचा काळा तो गिळून टाकतो. चांदण्या रात्रीचा देखावा असेल तर हा निळेपणा फुकटात मिळालेला समजा. सोंडेवरचा उजेड किंवा मोगऱ्याची कळी करायची असेल तर मात्र ती आजारी दिसते. पांढऱ्यात पिवळ्या मातीचा अगदी इवलासा अंश मिसळा, डोळ्याला पांढराच वाटेल इतका. किंवा पांढरा पुरता वाळल्यावर त्यावर पारदर्शक पिवळ्याचा एक श्वासभर हात फिरवा, १२-१५ पीएसआयवर. मूर्तीच्या बाबतीत मी दुसराच मार्ग घेतो, कारण तिथे नाहीतरी बॉडी कलरची, म्हणजे अंगाच्या रंगाची, छटा पारदर्शकच द्यायची असते, आणि निळसर-करडी किनार सावलीच्या बाजूला कुठे राखायची हे आपल्या हातात राहतं.

पीतांबर पुढच्या आठवड्यात. पत्रलेखकांनी त्याआधी पांढरा ०.५ च्या नोझलमधून काढून बघावा आणि काय झालं ते कळवावं. गन कुठल्या मापाची आहे, हे त्यांनी लिहिलेलंच नाही.